तूतनखामेनचें दुसरें थडगें

इजिप्तचा तरुण राजा तूतनखामेन याचें थडगें हॉवर्ड कार्टर यानें १९२२ सालीं शोधून काढलें. तीन सहस्रांहून अधिक वर्षें अंधारांत टिकलेल्या तेथील भित्तिचित्रांना पुढें प्रेक्षकांचा श्वास, घाम व धूळ यांचा उपद्रव होऊं लागला. म्हणून २००९ सालीं माद्रिदच्या 'फॅक्टम आर्टे' या संस्थेनें, भिंतींस स्पर्शहि न करितां, लेसर-किरणांनीं त्यांचा सारा उंचसखलपणा मोजला. त्या मापांवरून यंत्रानें भिंती कोरल्या व त्यांवर छापील चित्रांची पातळ साल चढविली. ही प्रतिकृति लक्झरजवळ, कार्टरच्या जुन्या घराशेजारीं, २०१४ सालीं खुली झाली.

नक्कल ती नक्कलच, असें म्हणून रसिक नाक मुरडतील. परंतु शवपेटीच्या दालनांत शिरतांना खुद्द कार्टरनेंच दक्षिणेकडील चित्रित भिंतीचा एक भाग काढला होता, व तो पुढें हरवला. (संशोधकहि कधीं कधीं चोरांइतकीच नासधूस करितात!) हॅरी बर्टनच्या तत्कालीन छायाचित्रांवरून तो भाग पुनः घडवून प्रतिकृतीसमवेत मांडला आहे. मूळ स्थळीं जें पाहावयास मिळत नाहीं, तें येथें मिळतें.

मूळ थडगें मात्र अद्यापि बंद झालेलें नाहीं. निराळें तिकीट काढून लोक आंत उतरतात, आणि श्वास सोडतात.