फिरतो, पण तापत नाही : ड्रायरच्या एका बिघाडामागचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #तंत्रज्ञान

१/
अमेरिकेतील घराघरांत कपडे वाळवण्याचे यंत्र, म्हणजेच ड्रायर, असते. त्याचा सर्वांत परिचित बिघाड असा : बटण दाबताच ड्रम फिरू लागतो, वाराही वाहतो, मात्र तासाभराने दार उघडावे तर कपडे थंड आणि ओलेच. हा बिघाड किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या प्रत्येक संभाव्य कारणामागे एकेका शोधाची कहाणी आहे.

२/
प्रारंभी उष्णता आणि कपडे यांच्यामध्ये कोणताही रक्षक नव्हता. इ.स. १८००च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या गृहस्थाने छिद्रे असलेले पिंप तयार केले. ओले कपडे त्यात भरायचे आणि विस्तवावर धरून ते हाताने फिरवायचे. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे आणि कधी ते जळतही.

३/
७ जून १८९२ रोजी ओहायो राज्यातील डेटन येथील जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला कपडे वाळवण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. उघड्या विस्तवाऐवजी घरातील शेगडीची ऊब वापरायची आणि कपडे चौकटीवर टांगायचे, ही त्याची कल्पना. जाळ दूर गेला, ऊब तेवढी उरली.

४/
पुढचा टप्पा नॉर्थ डकोटाच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात गाठला गेला. तेथे जे. रॉस मूर यांनी फिरत्या ड्रमच्या यंत्रावर अनेक वर्षे प्रयोग केले. अखेर विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने १९३८ साली त्यांचे यंत्र ‘जून डे’ या नावाने बाजारात आणले. दाराला काच बसवावी, म्हणजे आतले कपडे फिरताना दिसतील, ही सूचना रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांची.

५/
आता बिघाडाकडे वळू. ड्रम फिरतो, म्हणजे वीज येते. मग उष्णता का नाही? याचे पहिले उत्तर १८८३ सालात सापडते. एडिसनच्या आरंभीच्या वीजवितरणात दोन तारा असत आणि तांब्याचा खर्च अफाट होई. त्यावर तोडगा म्हणून तीन तारांची पद्धत आली. ४ जुलै १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातील सनबरी या गावी ती प्रथम कार्यान्वित झाली आणि निम्म्याहून अधिक तांबे वाचले.

६/
वीज पुढे प्रत्यावर्ती झाली, पण तीन तारांची ही मांडणी अमेरिकी घरांत टिकून राहिली. दोन बाहेरच्या तारांमध्ये २४० व्होल्ट. त्यांपैकी एक आणि मधली तटस्थ तार यांच्यामध्ये १२० व्होल्ट. तेथील ड्रायरची मोटर सहसा १२०वर चालते, तर सुमारे ५ किलोवॅटचा हीटर २४०वर. म्हणून बाहेरच्या दोन तारांपैकी मोटर जिच्यावर चालत नाही ती तुटली, तर मोटर फिरत राहते आणि हीटर मात्र थंड पडतो.

७/
यामुळेच जाणकार तंत्रज्ञ यंत्र उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो. एक, यंत्र बिनउष्णतेच्या, केवळ वाऱ्याच्या, पर्यायावर तर ठेवलेले नाही ना? दोन, ड्रायरचा जोडब्रेकर. तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला की कित्येकदा उष्णता परत येते. भारतात घरगुती वीज एका फेजची, २३० व्होल्टची असल्याने ‘अर्धी वीज गेली’ हा प्रकार येथे सहसा संभवत नाही.

८/
दुसरा संशयित म्हणजे हीटरची तार. लोखंडाची तार लाल होईतो तापवली, तर हवेतील प्राणवायू तिला खाऊन टाकतो. अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू सिद्ध केला. त्याचे पेटंट १९०६चे. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागी क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जमतो आणि तोच आतल्या धातूचे कवच बनतो. तरीही हजारो वेळा तापून-निवून ही तार केव्हातरी तुटतेच.

९/
तिसरा संशयित थर्मोस्टॅट. त्याचे मूळ अठराव्या शतकातील सागरी घड्याळात आहे. जॉन हॅरिसन यांनी पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र जोडल्या. उष्णतेने दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून जोडपट्टी वाकते. १९२०च्या दशकात जॉन स्पेन्सर यांनी याच तत्त्वावर बशीसारखी चकती केली. ठरावीक तापमानाला ती ‘टक्’ करून उलटते आणि वीज तोडते. निवली की पुन्हा जोडते.

१०/
चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे उष्णता-फ्यूज. थर्मोस्टॅट पुनःपुन्हा कामाला येतो. हा मात्र एकदाच. तापमान मर्यादेबाहेर गेले की तो स्वतः तुटतो. अनेक यंत्रांत तो तुटला की ड्रम फिरत राहतो, हीटर मात्र कायमचा बंद होतो. लोक याला बिघाड म्हणतात. वस्तुतः यंत्राने आग लावण्यास दिलेला हा नकार असतो.

११/
मग तापमान मर्यादेबाहेर का गेले? पंखा हवा हीटरवरून ड्रममध्ये आणि तेथून नळीवाटे घराबाहेर नेतो. कपड्यांतून सुटणारे तंतू जाळीत आणि नळीत साचले की हवा अडते. वाहून न गेलेली उष्णता हीटरपाशीच कोंडते. आणि साचलेले तंतू कसले? कोरडा, हलका, क्षणात पेट घेणारा कापूस!

१२/
अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी केलेला अंदाज असा : निवासी इमारतींत दरवर्षी ड्रायरमुळे सुमारे २,९०० आगी, त्यांत ५ मृत्यू आणि १०० जखमी. कारणांत अग्रस्थानी, ३४ टक्के, होता सफाईचा अभाव.

१३/
म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी ब्रेकर, मग जाळी व बाहेरची नळी. त्यानंतर प्लग काढून, यंत्र निवल्यावर, मल्टिमीटरने फ्यूज, थर्मोस्टॅट आणि हीटर यांची सलगता पाहावी. फ्यूज तुटलेला आढळला, तर नवा बसवण्यापूर्वी नळी साफ करावी. अन्यथा नवाही तुटेल. फ्यूज वगळून तारा थेट जोडणे, हा उपाय तर कदापि नव्हे.

१४/
पोशाँच्या पिंपाला थांबणे ठाऊक नव्हते; विस्तव जळत राही आणि कपडेही. तेथून आजच्या ड्रायरपर्यंतचा प्रवास जितका उष्णता निर्माण करण्याचा आहे, तितकाच तो तिला वेळीच थांबवण्याचा आहे. थेट जोडलेली ती एक तार यंत्राला दोन शतके मागे, पुन्हा उघड्या विस्तवापाशी नेऊन ठेवते.