भाड्याच्या दाराची कडी

नोकरीनिमित्त शहरांत आलेली स्त्री भाड्याची खोली घेते, तेव्हां तिच्या हातीं एक किल्ली पडते. तशीच दुसरी किल्ली कोणाच्या खिशांत आहे, हें विचारण्याचा तिला संकोच वाटतो. आणि तिनें विचारलेंच, तर घरमालकास तो आपल्यावरील अविश्वास वाटतो. या संकोचामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

स्त्रीचा एकांत कायद्याला ठाऊक नव्हता, असें नाहीं. मेकॉलेच्या कमिशननें १८३७ सालीं मसुदा केलेला इंडियन पीनल कोड १८६० सालीं मंजूर झाला. स्त्रीच्या विनयाचा उपमर्द करण्याच्या हेतूनें तिच्या एकांताचा भंग करणें, हा त्याच्या ५०९ व्या कलमानें गुन्हा ठरला. पुढें १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टानें स्थानिक रूढीलाही मान दिला. ज्या शहरांत तशी रूढी असेल, तेथें शेजाऱ्याचा एकांत बऱ्याच अंशीं मोडेल अशी नवी खिडकी पाडतां येत नाहीं, असें उदाहरण त्या कायद्यांतच दिलेलें आहे.

१८८८ सालीं अलाहाबादच्या हायकोर्टानें गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्याचा निकाल दिला. फिर्यादीच्या शेजारीं नवें घर उठलें होतें, आणि त्याच्या व्हरांड्यामुळें व दारांमुळें फिर्यादीच्या घरांतील बायकांचा वावर उघडा पडत होता. रूढीनें आलेला एकांताचा हक्क त्या प्रांतांत आहे, व त्याचा भंग झाल्यास दाद मागतां येते, असें मुख्य न्यायाधीश एज यांनीं ठरविलें. निर्णय स्त्रियांच्या हिताचा होता, यांत शंका नाहीं. तथापि फिर्याद कोणाची होती, तें पाहण्यासारखें आहे. दाद मागणारा घरधनी होता. ज्यांचा एकांत मोडला, त्या पडद्याआडच राहिल्या. एकांत हा घराण्याच्या अब्रूचा भाग होता. घराण्याचें छप्पर सोडून आलेल्या एकट्या स्त्रीच्या वांट्याला तो कसा यावा?

अशी स्त्री शिक्षिका, नर्स किंवा टेलिफोन ऑपरेटर म्हणून शहरांत येऊं लागली. तिच्यासाठीं वसतिगृहें निघालीं. वाय. डब्ल्यू. सी. ए. या संस्थेचें कार्य मुंबईंत १८७५ सालीं सुरू झालें. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांना साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारनें १९७२-७३ सालीं काढली. वसतिगृहानें निर्भयता दिली खरी. परंतु परत येण्याची वेळ, भेटावयास येणाऱ्यांची नोंद, हे नियमही आले. देखरेखीच्या मोलानें रक्षण मिळालें. पुढें स्वतंत्र खोली घेणाऱ्या स्त्रीकडूनही कित्येक घरमालक हेंच मोल मागूं लागले. भाडें पुरुषाइतकेंच घ्यावयाचें, आणि वर तिच्या जाण्यायेण्याचा हिशेबही ठेवावयाचा, अशी ही रीत.

कायद्याची दृष्टि मात्र हळूहळू घराकडून माणसाकडे वळली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या २८ व्या कलमानें मालकाला जागा पाहण्याचा हक्क दिला आहे. पण त्यानें आधीं सूचना दिली पाहिजे आणि वाजवी वेळीं आलें पाहिजे. खाजगी क्षणीं स्त्रीला चोरून पाहणें किंवा तिचीं चित्रें टिपणें, हा २०१३ सालीं स्वतंत्र गुन्हा झाला. त्यामुळें छुपा कॅमेरा कायद्याच्या कक्षेंत आला. १ जुलै २०२४ पासून जुन्या कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तिच्यांतही हे गुन्हे कायम आहेत. तत्पूर्वीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें एकांत हा मूलभूत हक्क मानला. तो जागेला चिकटलेला नसून व्यक्तीला चिकटलेला आहे, असा विचार त्या निकालपत्रांत मांडलेला आहे.

कलमें पुस्तकांत राहतात. दार रोज लावावें लागतें. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं किल्ल्या किती आहेत हें विचारावें, मालक केव्हां व कशी सूचना देऊन येईल तें लिहून घ्यावें, आणि आंतून भक्कम कडी आहे कीं नाहीं तें पाहावें. असें विचारणारी स्त्री घरमालकाचा उपमर्द करीत नाहीं. १८८८ सालीं एका घरधन्यानें आपल्या घरांतील बायकांसाठीं जें मागितलें, तेंच ती आज स्वतःच्या नांवानें मागत आहे.