बालसुरक्षा आणि धोक्याचे मूल्यमापन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एखादे बालक धोक्यात आहे, हे कोणी आणि कोणत्या निकषांवर ठरवावे, हा बालकल्याण कार्यातील मध्यवर्ती प्रश्न होय. भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा इतिहास पाहिल्यास असे दिसते की, बालकाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी क्रमाक्रमाने व्यापक होत गेली. परंतु घराचा उंबरठा आणि शासकीय संस्थेची भिंत या दोन ठिकाणी ती दीर्घकाळ अडखळली. प्रस्तुत लेखात या दोन स्थळांचा विचार केला आहे.

कायद्याची वाटचाल :
१९५६ पूर्वी भंडारा जिल्हा प्रथम मध्यप्रांतात व नंतर मध्य प्रदेश राज्यात समाविष्ट होता. मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) यांच्यापाठोपाठ मध्यप्रांतानेही १९२८ मध्ये बालकांविषयीचा अधिनियम संमत केला. या पिढीतील कायद्यांचा भर बालक अपराधी आहे, निराधार आहे की भीक मागणारे आहे, हे ठरविण्यावर होता. त्याच्याभोवती नेमका कोणता धोका आहे, हा प्रश्न दुय्यम राहिला. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमानेही 'उपेक्षित बालक' हीच संज्ञा स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहितेस मान्यता दिल्यानंतर, २००० च्या अधिनियमात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संकल्पना आणि बालकल्याण समितीची तरतूद आली. २००६ च्या दुरुस्तीने अशी समिती प्रत्येक जिल्ह्यात स्थापन करणे बंधनकारक झाले. बालकाच्या दोषाऐवजी त्याची गरज आता विचाराच्या केंद्रस्थानी आली.

घराचा उंबरठा :
भात आणि तेंदूपत्ता यांच्या या प्रदेशात विडी वळण्याचे काम अनेक पिढ्या घराघरांतून होत आले. १९८६ च्या बालकामगार अधिनियमाने चौदा वर्षांखालील मुलांना विडी उद्योगात कामास ठेवण्यास मनाई केली. मात्र कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामास त्याच अधिनियमाने सूट दिली. परिणामी कारखान्यात जो धोका मानला गेला, तोच अंगणात आईशेजारी बसलेल्या मुलीच्या बाबतीत कायद्याच्या नजरेआड राहिला. २०१६ च्या दुरुस्तीने ही सूट धोकादायक नसलेल्या कामांपुरती, तीही शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, मर्यादित केली. तथापि गरिबी आणि हेळसांड यांतील भेद ओळखणे ही जबाबदारी गृहभेटीस जाणाऱ्या कार्यकर्त्यावरच राहते. कुटुंबाचे दारिद्र्य हाच दोष मानला, तर मदतीऐवजी ताटातूट घडते. आणि दारिद्र्याच्या आड छळ दडलेला असेल, तर तो दिसत नाही.

संस्थेची भिंत :
२०१५ च्या अधिनियमाने सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या सादरीकरणापासून चार महिन्यांत अपेक्षित धरला. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला गेला. विशेष म्हणजे, संरक्षण यंत्रणेच्या संपर्कात असतानाही बालकास इजा होऊ नये, हे 'सुरक्षिततेचे तत्त्व' त्यात स्पष्टपणे नमूद झाले. बालगृहांची तपासणी दर तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी, अशीही तरतूद आहे.

या तत्त्वाचे मोल भंडाऱ्यात एका दारुण घटनेने समोर आले. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षास आग लागली. कक्षातील सतरा बालकांपैकी सात वाचविता आली, दहा दगावली. हा कक्ष बालगृह नव्हता आणि ही बालके बालकल्याण समितीपुढे आलेलीही नव्हती. तरीही तत्त्व एकच आहे : आईच्या कुशीतून उचलून बालक ज्या छताखाली ठेवले जाते, त्या छताचीही परीक्षा झाली पाहिजे. घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. मात्र ही परीक्षा आधी होणे, हाच मूल्यमापनाचा खरा अर्थ होय.

निष्कर्ष :
धोक्याचे मूल्यमापन म्हणजे एकदा भरून फाईलला लावावयाचा नमुना नव्हे. बालक कोठून आणले, ते कोठे पाठविले जात आहे आणि तेथे रात्री त्याच्याजवळ कोण असेल, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा विचारले गेले पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कायद्याला जवळजवळ एक शतक लागले. उरलेल्या दोहोंसाठी बालकांना तेवढी प्रतीक्षा करावयास लावणे न्याय्य ठरणार नाही.