थंडीवाचूनची पानगळ : आळंदीचे डाळिंब आणि ताणाची परंपरा

थंड प्रदेशातील पानझडी झाडांना विश्रांतीत नेण्याचे काम ऋतूच करतो. दिवस लहान होतात, रात्री गोठतात, पाने रंग बदलून गळतात आणि फांदीवरचे डोळे, म्हणजे मिटलेल्या कळ्या, ठरावीक काळाची थंडी भोगल्याशिवाय फुटत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या पठारावर असा हिवाळा पडत नाही. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले असले, तरी डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरीने अकरा-बारा अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा तिशीजवळ जातो. अशा हवेत डाळिंबाचे झाड काही पाने टाकते, काही राखते, आणि त्याच्या मर्जीवर सोडले तर वर्षभर थोडी थोडी फुले काढत राहते. त्याला एकाच वेळी निजवून एकाच वेळी जागे करणे ही पठारावरच्या बागायतदारांची जुनी विद्या आहे. आज केवळ कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा, विशेषतः आळंदीचा, या विद्येच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

या विद्येचा आधार थंडी नसून कोरड आहे. जूनमध्ये सुरू होणारा पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरतो, त्यानंतर सात-आठ महिने जमिनीतील ओल उतरत जाते, आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे साग, पळस, सावर हे वृक्ष या उतरत्या ओलीच्या अंदाजाने पाने टाकतात. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीजवळ भाविक ज्याला नमस्कार करतात तो अजानवृक्षही याच पानझडी कुळाचार पाळणाऱ्यांपैकी आहे. रानात आपोआप घडणारी ही गोष्ट बागेत हुकमी घडवून आणायची, तर विहिरीचे किंवा पाटाचे पाणी ठरवून तोडावे लागते. पाणी तोडण्याच्या या क्रियेला ‘ताण देणे’ म्हणतात, आणि ताणानंतर पाणी सोडून एका विशिष्ट हंगामाची फुले घेण्याला ‘बहार धरणे’. मृगाच्या पावसावर जून-जुलैत फुलणारा तो मृग बहार, हस्त नक्षत्राच्या सुमारास म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा तो हस्त बहार, आणि आंबा मोहोरतो त्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत, फुलणारा तो आंबे बहार. या तिन्हींपैकी आंबे बहाराचा ताण नेमका हिवाळ्यात येतो. म्हणून थंडीवाचूनच्या विश्रांतीचा खरा नमुना तोच मानावा लागतो.

कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची यात्रा ज्या दिवसांत भरते, साधारण त्याच दिवसांत आंबे बहाराच्या बागेचे पाणी तोडले जाते. हलक्या, मुरमाड जमिनीत चार-पाच आठवड्यांचा ताण पुरतो, तर काळ्या भारी जमिनीत ओल खोलवर टिकत असल्याने सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, आणि तेवढ्यानेही झाड दाद देत नसेल तर बुंध्याभोवतीची माती उकरून वरच्या थरातील मुळ्या काही दिवस उघड्या ठेवण्याची जुनी रीत होती. पाने आधी तेज गमावतात, मग देठापाशी पिवळी पडतात आणि झाड हलवले की खाली येतात. निम्म्याहून अधिक पाने गळली आणि तरी शेंड्याकडील काड्या हिरव्या राहिल्या, म्हणजे ताण नेमका बसला. काड्याच वाळू लागल्या तर तो जास्त झाला. त्यानंतर बुंध्यातून सरळसोट वर जाणारे पाणसोट आणि वाळक्या फांद्या काढतात, शेंड्यांची हलकी छाटणी करतात, उकरलेली माती शेणखत मिसळून परत ओढतात आणि आळ्यात पाणी सोडतात. हे पहिले पाणी हलके द्यायचे असते, कारण अनेक आठवडे तहानलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाले तर ते पालवीकडे धावते आणि फुले गळतात. वरवर पाहता पाणी न देणे यात काम ते काय, असे वाटेल. पण किती दिवस, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या वयाच्या झाडाला, याचा निर्णय चुकला तर वर्ष हातचे जाते, आणि म्हणूनच ताण हे बागायतीतील सर्वांत अवघड कौशल्य मानणे योग्य ठरेल.

कोणता बहार धरायचा हा प्रश्न पाण्याचा आणि बाजाराचा होता. मृग बहाराला पाऊस फुकट मिळतो, पण फळ पावसाळी रोगकिडींच्या तावडीत वाढते. हस्त बहाराचे फळ ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी येऊन भाव खाते, पण पावसाळ्यात झाडाला ताण बसणे दैवाधीन असते. आंबे बहाराला ताण निर्वेध बसतो, मात्र मार्च ते मे पुरेल एवढे पाणी विहिरीत असावे लागते. मोटेवर चालणाऱ्या विहिरीचा मालक या निवडीकडे किती बारकाईने पाहत असेल, याचा अंदाज पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीवरून बांधता येतो. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असलेल्या या गावाचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी केला आणि तो १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, ही त्यातली नोंद भारतीय शेतीच्या आर्थिक इतिहासात वारंवार उद्धृत होते. इतक्या आक्रसलेल्या आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या जमिनीवर विहिरीखालचा थोडासा बागायती भाग हाच रोख पैशाचा आधार ठरणे स्वाभाविक होते.

मुळा नदीच्या अलीकडे, औंधजवळच्या गणेशखिंडीत, मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासाला जोडून १८७३ साली वनस्पती उद्यान सुरू झाले होते. पुढे तेथेच फळझाडांच्या प्रयोगांचे केंद्र वाढले, आणि मुंबई सरकारचे उद्यानविद्यावेत्ते डॉ. जी. एस. चीमा यांनी तेथे निवड पद्धतीने, म्हणजे बियांपासून उगवलेल्या असंख्य रोपांतून एखादे सरस झाड हेरून त्याची कलमे वाढवण्याच्या पद्धतीने, पश्चिम भारताच्या फळबागांचे रूप पालटले. १९२७ मधील ‘लखनौ ४९’ हा पेरू, जो पुढे ‘सरदार’ नावाने पसरला, त्यांचाच. डाळिंबासाठी त्यांनी हाती घेतलेला वाण होता ‘आळंदी’. मध्यम आकाराचे फळ, गडद गुलाबी ते रक्तासारखे लाल दाणे, गोड आणि किंचित आंबूस रस असे या वाणाचे गुण होते, आणि अवगुण एकच, तो म्हणजे दाताखाली कडकडणारे टणक बी. आळंदीच्या बियांच्या रोपांतून १९३६ साली निवडलेल्या एका झाडाचे बी मऊ निघाले. तेच झाड पुढे ‘गणेश’ या नावाने महाराष्ट्रभर लागले. दाण्याचा गडद रंग त्यात फिका झाला, पण खाण्याची सुलभता आणि भरघोस उत्पन्न यांपुढे बागायतदारांनी रंगाची उणीव मनावर घेतली नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नंतर ‘गणेश’ आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ हे वाण काढून लाल रंग परत आणला. आज देशविदेशात जाणाऱ्या भगव्या डाळिंबाची वंशरेषा अशी इंद्रायणीकाठच्या एका गावापर्यंत मागे जाते, आणि ही गोष्ट त्या गावाच्या अभिमानाची असायला हवी.

ताणाचे शास्त्रीय स्पष्टीकरणही याच काळात आकार घेऊ लागले. १९१८ साली अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल यांनी टोमॅटोवरील प्रयोगांतून असे मांडले की झाडातील कर्बोदके, म्हणजे पानांनी तयार केलेले पिठूळ-साखरी अन्न, आणि मुळांनी शोषलेले नत्र यांच्या परस्पर प्रमाणावर फुलणे अवलंबून असते. पाणी तोडले की वाढ थांबते, नत्राचे शोषण मंदावते, अन्न फांद्यांत साठते आणि डोळे फुलांकडे वळतात. हे गणित आता फार ढोबळ मानले जाते, कारण संप्रेरकांचा, म्हणजे झाडातील अंतर्गत रासायनिक निरोपांचा, वाटा त्यात नव्हता. तरी बागायतदाराच्या अनुभवाशी ते जुळत होते. जगात इतरत्रही हाच प्रश्न वेगवेगळ्या मार्गांनी सोडवला गेला. जावा बेटावर मलंगजवळ सफरचंदाची पाने हाताने ओरबाडून झाडाला कृत्रिम शिशिर देतात, तर नाशिकचे द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे एकसारखे फोडतात.

चीमा, भट आणि नाईक यांचा पश्चिम भारतातील व्यापारी फळांवरचा ग्रंथ १९५४ साली निघाला, आणि त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका आणि पुढे चाकणचे वाहन उद्योग या क्रमाने पट्टा बदलत गेला. डाळिंबाची बागायत सोलापूर, सांगोला आणि नाशिककडे फोफावली. या पट्ट्यात डाळिंब उरले ते बव्हंशी अंगणात, गच्चीवर आणि कुंडीत.

कुंडीतल्या डाळिंबाला आता बोन्सायच्या रूपाने नवे महत्त्व आले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हापर्यंत ही कला पुणे परिसरात चांगली रुजली होती. परंतु पानझडी बोन्सायच्या हिवाळी तयारीविषयीची बहुतेक पुस्तके जपान, युरोप वा अमेरिकेच्या हवेसाठी लिहिलेली आहेत. हिमापासून मुळे वाचवणे, कुंडी जमिनीत पुरणे, थंड शेडमध्ये हलवणे हे त्यांतील उपाय निगडी किंवा मोशीच्या गच्चीवर निरर्थक ठरतात, कारण इथली अडचण उलट आहे: दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडतो, रस्त्यावरचे दिवे झाडाचा दिवस लांबवतात आणि पाने गळायचे नाव घेत नाहीत.

अशा झाडासाठी आंबे बहाराचे वेळापत्रकच अधिक भरवशाचे आहे, मात्र एक मर्यादा सांभाळून. शेतातल्या झाडाच्या मुळ्या ताणातही खालच्या थरातील ओल शोधतात; उथळ कुंडीतल्या मुळ्यांना तसा आसरा नसतो, त्यामुळे पाणी पूर्ण तोडल्यास झाड झोपण्याऐवजी मरते. म्हणून दसऱ्यानंतर नत्रयुक्त खत थांबवावे, मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे, कुंडी दिव्यांपासून दूर आणि रात्रीचा गारवा लागेल अशा उघड्यावर लाकडी फळीवर ठेवावी, आणि डिसेंबरअखेर उरलेली पाने देठाचा तुकडा राखून कात्रीने काढावीत. पाने गेल्यावर फांद्यांची रचना स्पष्ट दिसते, तेव्हा छाटणी उरकावी. मातीबदल मात्र डोळे फुगू लागल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात करावा. नुकतीच कुंडी बदललेल्या किंवा अशक्त झाडाची पाने काढू नयेत.

बोन्सायसाठी टणक बी हा दोष राहत नाही, आणि लाल दाण्यांचे फळ लहान झाडावर शोभूनच दिसते. त्यामुळे गणेशापूर्वीचे मूळ आळंदी डाळिंब या कामी पुन्हा उपयोगी पडू शकते. खेड आणि हवेली तालुक्यांत एखाद्या जुन्या विहिरीकाठी वा वाड्याच्या परसात टणक बियांचे, लाल दाण्यांचे डाळिंब अजून उभे असेल, तर तिथे नवे बांधकाम सुरू होण्याआधी त्याच्या फांद्यांवर गुट्या बांधाव्यात आणि एखादे कलम गणेशखिंडच्या बागेतील जाणकारांना जरूर दाखवावे.