घटी, पळें आणि मजुराचीं अठरा मिनिटें



पनवेलजवळच्या नेरे गांवीं एखाद्या बांधकामावर हजेरी मांडणारा मुकादम क्षणभर डोळ्यांपुढें आणा. मजूर सात तास पंचेचाळीस मिनिटें राबला. मुकादमानें संगणकावरील तक्त्यांत ७.४५ हा आंकडा लिहिला आणि त्यास तासाच्या दरानें गुणलें. गुणाकार अचूक, पण मजुरी चुकलेली! कारण पंचेचाळीस मिनिटें म्हणजे तासाचे शंभरांपैकीं पंचेचाळीस भाग नव्हेत, पंचाहत्तर भाग होत. ७.७५ च्या जागीं ७.४५ पडल्यानें रोजचीं अठरा मिनिटें बुडालीं. कामाच्या पंचवीस दिवसांत तीं साडेसात तास होतात. म्हणजे जवळजवळ एका दिवसाचा रोजगार गेला. लबाडी कोणीच केली नाहीं. साठांच्या मापाचा जिन्नस शंभरांच्या मापानें मोजला गेला, इतकेंच.

वस्तुतः साठांचें हें गणित आपल्या घरांत फार जुनें आहे. अहोरात्राच्या साठ घटी, घटीचीं साठ पळें. घटी चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचें. लग्नघरीं पाण्यावर तरंगणारें, बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र भरून बुडालें कीं एक घटी झाली असें समजत. पंचांगांत तिथि बारा घटी तीस पळें लिहिली असेल, तर घरांतील जाणता पुरुष घटींची दुप्पट करून पांचानें भागी. साडेबारांचे पंचवीस, पंचवीसांचे पांच; म्हणून सूर्योदयानंतर पांच तासांनीं तिथि संपते. सूर्योदय ६ वाजून ४० मिनिटांनीं असेल तर ११ वाजून ४० मिनिटांनीं. मात्र या हिशेबांतील खरी खुबी दुपटींत किंवा भागाकारांत नव्हती. आंकडा कोणत्या मापाचा आहे व कोठून मोजावयाचा आहे, हें त्यास प्रथम ठाऊक असे. आमच्या मुकादमाकडे नेमकें हेंच नव्हतें.

सूर्यसिद्धान्तानें तर याहून बारीक माप सांगितलें आहे. पळाचे सहा भाग केले कीं एक ‘प्राण’, म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास. आजच्या मापानें चार सेकंद. दिवसाचे प्राण २१,६०० आणि वर्तुळाच्या कलाही २१,६००. म्हणून पृथ्वी एका प्राणांत एक कला फिरते, आणि रेखांशाचा आंकडा हाच वेळेचा आंकडा होतो. नेरे मुंबईच्या कोटापासून सुमारें वीस कला पूर्वेस आहे. तेव्हां नेऱ्याचा मध्यान्ह मुंबईच्या आधीं सुमारें वीस श्वासांनीं, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास होतो.

१९०६ सालीं ८२॥ अंश रेखांशावरून सर्व देशास एक स्टँडर्ड टाइम लागू झाला. मुंबईचा स्वतःचा काल त्याच्या ३९ मिनिटें मागें, नेऱ्याचा सुमारें ३७ मिनिटें. मुंबईकरांस हा बदल रुचला नाहीं. महापालिकेनें तर सार्वजनिक घड्याळांत पुढें कित्येक वर्षें ‘मुंबई टाइम’ चालू ठेवला. त्या काळीं ‘दहा वाजतां’ म्हटल्यावर ‘कोणत्या टाइमानें?’ असें विचारणें भाग होतें. या हट्टाची पुष्कळ थट्टा झाली आहे. पण तो प्रश्न विचारण्याची संवय वाईट होती, असें मला वाटत नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. ज्यास इंग्रजींत स्प्रेडशीट म्हणतात, त्यास आपल्या भाषेंत कोष्टक हा शब्द तयारच आहे. अलिबागजवळच्या नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं, तीं याच अर्थानें. या नव्या कोष्टकाचें मूळ माप मात्र तास नव्हे. आपल्या अहोरात्राप्रमाणें संपूर्ण दिवस हा त्याचा ‘एक’ आहे. पाव म्हणजे सहा तास, अर्धा म्हणजे मध्यान्ह. यंत्र म्हणून त्याचें पंचांग निर्दोष असेल, असें मात्र समजूं नका. एक्सेलमध्यें १९०० सालच्या फेब्रुवारीस एकोणतिसावा दिवस आहे, जो जगांत कधींच उगवला नाहीं! लोटस या आधींच्या कोष्टकांतील ही चूक दोहोंचे हिशेब जुळावेत म्हणून जाणून ठेवली गेली.

या यंत्रास ७.७५ देऊन वेळेच्या रूपांत दाखवावयास सांगितलें, तर तें १८:०० दाखवितें. कारण त्याच्या लेखीं ते सात दिवस आणि अठरा तास. त्यास आधीं चोवीसानें भागलें कीं ७:४५ उमटतात. उलट ७:४५ लिहून मजुरी काढावयाची असेल, तर चोवीसानें गुणून मग दर लावावा.

एवढें करूनही महिन्याच्या बेरजेशीं मुकादम पुन्हा अडखळेल. पंचवीस दिवसांचे १९३ तास ४५ मिनिटें व्हावयास हवेत. यंत्र दाखवील अवघें १:४५. आठ पुरे दिवस त्यानें बाजूस ठेवून उरलेला वेळ तेवढा सांगितलेला असतो. तेथें वेळेच्या रूपांतील तासाच्या अक्षरास चौकोनी कंस घालावा, म्हणजे १९३:४५ हा आंकडा दिसूं लागतो, आणि मजुराच्या हातीं त्याचा पूर्ण महिना पडतो.