गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टायर चपटे होतात? ‘फ्लॅट स्पॉट’ म्हणजे काय आणि टायर खरंच कधी बदलावे लागतात?

नेरुळ, वाशी किंवा खारघरमधल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. धुळीचा थर बसलेल्या किंवा कव्हर घातलेल्या चार-पाच गाड्या नक्की दिसतील. मालक रोज लोकलने ऑफिसला जातो, त्यामुळे गाडी निघते ती फक्त रविवारी. कुणी जहाजावर नोकरीला असतं, ते सहा-सहा महिने घरी नसतं. कुणाचे आईवडील मुलांकडे परदेशात गेलेले असतात. गाडी मात्र जिथल्या तिथे उभी.

मग एक दिवस गाडी बाहेर निघते. बॅटरी ठीक, इंजिनही एका झटक्यात सुरू. पण पाम बीच रोडला लागलं की खालून ‘थड-थड-थड’ असा ठेका ऐकू येतो आणि स्टेअरिंग बारीक थरथरायला लागतं. रस्ता गुळगुळीत असतो, पंक्चरही नसतं. मग नेमकं बिघडलंय काय?

बऱ्याचदा उत्तर असतं ‘फ्लॅट स्पॉट’. म्हणजे टायरचा जो भाग इतके दिवस जमिनीला टेकून होता, तो थोडा चपटा झालेला असतो. यातले बरेचसे फ्लॅट स्पॉट काही किलोमीटर चालवल्यावर आपोआप जातात. काही मात्र कधीच जात नाहीत. हा फरक कळला नाही, तर दोन चुका होऊ शकतात. एक तर चांगले चार टायर उगाच बदलले जातात, नाहीतर खराब झालेल्या टायरवर गाडी थेट एक्स्प्रेसवेला नेली जाते.

टायर चपटा होतो म्हणजे काय होतं?

आधी एक सोपा हिशेब पाहू. समजा, गाडीचं वजन १,२०० किलो आहे. म्हणजे प्रत्येक टायरवर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. ३०० ला २.३ ने भागलं की उत्तर येतं १३० चौरस सेंटीमीटर. ढोबळमानाने टायरचा एवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो, जेमतेम आपल्या पंजाएवढा.

टायर गोल असला तरी हा पंजाएवढा भाग नेहमीच सपाट दाबलेला असतो. गाडी चालते तेव्हा प्रत्येक भागाची पाळी क्षणभर येते आणि जाते. गाडी उभी असते तेव्हा एकाच भागावर दिवसरात्र तेच वजन राहतं.

आता हवा कमी झाली तर? हाच हिशेब २२ पीएसआयला केला, तर टेकणारा भाग दीडपट होतो. टायर जास्त पसरतो, बाजूच्या भिंती जास्त वाकतात. म्हणून फ्लॅट स्पॉटचं सगळ्यात मोठं कारण नुसतं उभं राहणं नाही, तर कमी हवेत उभं राहणं हे आहे. पंक्चर नसलेल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय हवा कमी होते. म्हणजे ३३ पीएसआय भरून ठेवलेली गाडी सहा महिन्यांनी २५ च्याही खाली आलेली असू शकते.

रबर तर लवचिक असतं, मग ते परत गोल का होत नाही?

कारण टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत पॉलिस्टरच्या धाग्यांचा सांगाडा असतो, त्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात आणि अनेक टायरमध्ये त्यांच्यावर नायलॉनचा एक थर असतो. वेगात टायर फुगू नये म्हणून हा थर देतात.

नायलॉन गरम झालं की मऊ पडतं आणि थंड झालं की ताठ होतं. तुम्ही पुण्याहून नवी मुंबईला येता तेव्हा टायर चांगलेच तापलेले असतात. तशीच गाडी पार्किंगमध्ये लावली की टायर हळूहळू थंड होतात. पण थंड होताना खालचा भाग वजनाखाली दाबलेला असतो, त्यामुळे तिथले धागे त्याच सपाट आकारात ताठ होतात. इस्त्री केलेल्या कपड्याची घडी जशी थंड झाल्यावर पक्की बसते, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली की टायर पुन्हा तापतो, धागे सैल होतात आणि टायर गोल होतो. हा झाला तात्पुरता फ्लॅट स्पॉट. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत नायलॉनचे टायर आले, तेव्हा सकाळी गाडी काढली की पहिले काही मैल ती थडथडते ही तिथल्या लोकांची नेहमीची तक्रार होती.

थंड हवेत हा प्रकार जास्त जाणवतो. नवी मुंबईत तेवढी थंडी पडत नाही, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो सहसा कळतही नाही. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. गाडी महिनोन्महिने उभी, हवा कमी आणि उघड्यावर लावली असेल तर वरून ऊन. अशा वेळी फक्त धागेच नाही, तर रबर आणि आतली रचनाही हळूहळू त्या आकाराला सरावते. मग टायर तापला तरी पूर्ववत होत नाही. हा कायमचा फ्लॅट स्पॉट.

लॉकडाऊनमध्ये विमानांनाही हीच अडचण

मार्च २०२० मध्ये देशभर लॉकडाऊन लागला आणि लाखो गाड्या एका जागी थांबल्या. देशांतर्गत प्रवासी विमानंही २५ मार्च ते २५ मे २०२० या काळात बंद होती. जगभरात विमानतळांवर उभ्या असलेल्या विमानांच्या देखभालीत एक काम ठरलेलं होतं. ठरावीक दिवसांनी विमान थोडं पुढे-मागे ओढायचं किंवा जॅकवर उचलून चाकं फिरवायची. कारण तेच, एकाच जागी वजन राहून टायर चपटे होऊ नयेत.

ब्रेकमुळे होणारा फ्लॅट स्पॉट वेगळा

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम झालं आणि गाडी घसरत गेली, तर टायरचा एकच भाग रस्त्यावर घासला जातो. इथे टायर दबत नाही, तर तिथलं रबरच निघून जातं. त्यामुळे कितीही चालवलं तरी तो भरून येत नाही. एबीएस असलेल्या गाडीत चाक सहसा जाम होत नाही, म्हणून हा प्रकार आता कमी दिसतो.

तो किती महागात पडू शकतो याचं एक उदाहरण फॉर्म्युला वनमध्ये आहे. २००५ च्या युरोपियन ग्रां प्रीमध्ये मॅकलारेनचा किमी रायकोनेन आघाडीवर होता. ब्रेक लावताना त्याच्या पुढच्या टायरवर फ्लॅट स्पॉट पडला होता. त्याच्या हादऱ्यांनी अखेर सस्पेन्शन तुटलं, तेही शेवटच्या फेरीत. शर्यत फर्नांडो अलोन्सोने जिंकली.

आणि हार्बर लाईनच्या प्रवाशांसाठी आणखी एक ओळखीची गोष्ट. कधी कधी लोकलच्या एखाद्याच डब्याखालून सतत ‘टक-टक-टक’ आवाज येतो. तोही बऱ्याचदा फ्लॅट स्पॉटच असतो. ब्रेक लागल्यावर पोलादी चाक रुळावर घसरलं की त्याची कड तेवढ्या भागात सपाट होते. अशी चाकं कारशेडमध्ये लेथवर कापून पुन्हा गोल केली जातात. गाडीच्या टायरला मात्र ही सोय नाही.

थडथड फ्लॅट स्पॉटचीच आहे हे कसं ओळखायचं?

- गाडी हळू असतानाही ठेका जाणवतो आणि वेग वाढला की ठेकाही जलद होतो: फ्लॅट स्पॉटची शक्यता जास्त. हॅचबॅकला साधारणपणे असणारा १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात जवळपास १.९५ मीटर जातो. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला साधारण पाच-सहा ठोके.
- हळू असताना काहीच नाही, पण ८० च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं: व्हील बॅलन्सिंग तपासून घ्या.
- गाडी एका बाजूला ओढली जाते: हवा आणि अलाइनमेंट पाहा.
- फक्त ब्रेक दाबल्यावरच हादरे बसतात: टायरपेक्षा ब्रेक डिस्ककडे लक्ष द्या. खाडीजवळच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजही चढतो.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी थंड टायरमध्ये हवा भरा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. त्यानंतर टायरकडे नीट पाहा. बाजूच्या भिंतीला भेगा आहेत का? कुठे फुगवटा आला आहे का? नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली आहे का? यातलं काहीही असेल, तर फ्लॅट स्पॉटचा विचारच सोडा, तो टायर बदला.

सगळं ठीक असेल तर गाडी शहरातल्या रस्त्यांवर मध्यम वेगाने २० ते ३० किलोमीटर चालवा. थडथड कमी होत गेली, तर फ्लॅट स्पॉट तात्पुरता आहे. खर्च शून्य. दोन-तीन वेळा असं चालवूनही ठेका तसाच राहिला, तर तो कायमचा समजा. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरवलं की ते गोल फिरतंय की नाही हे डोळ्यांनाही दिसतं. इथे बॅलन्सिंग करून फारसा उपयोग होत नाही, कारण बॅलन्सिंग वजनाचा तोल साधतं, आकार बदलत नाही. ज्या टायरचा आकार बिघडला आहे, तो बदलावाच लागतो. पण चारही टायर खराब असतीलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक चाक वेगळं तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. ‘टायर तापले की आपोआप ठीक होईल’ म्हणून कमी हवेची गाडी थेट कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला काढू नका. कमी हवेत टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि जास्त तापते. अशा वेळी वेगात टायर फुटण्याचा धोका असतो.

गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर

१. निघण्याआधी हवा भरून घ्या. महिनाभरापेक्षा जास्त काळ उभी राहणार असेल, तर नेहमीपेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त भरली तरी चालते. फक्त टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका आणि परत आल्यावर हवा नेहमीच्या आकड्यावर आणा.

२. शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे किल्ली ठेवत असाल, तर ‘आठवड्यातून एकदा गाडी सुरू कर’ एवढंच सांगू नका. जागेवर इंजिन सुरू केल्याने टायरला काहीच फायदा होत नाही. ‘एक चक्कर मारून ये’ असं सांगा. तेही जमत नसेल, तर गाडी निदान मीटरभर पुढे-मागे करायला सांगा. तेवढ्यानेही चाक अर्धा फेरा फिरतं आणि वजन टायरच्या दुसऱ्या भागावर येतं.

३. पार्किंग सपाट असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत तो धरून बसतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ओट लावा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ मध्ये ठेवा.

४. शक्यतो सावलीत लावा. डिकीत जादा सामान ठेवू नका, ते वजनही टायरवरच येतं.

५. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ गाडी हलणारच नसेल, तर गॅरेजवाल्याकडून ती स्टँडवर चढवून घेता येते. मात्र नुसत्या जॅकवर गाडी सोडून जाऊ नका.

६. टायरचं वयही पाहा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं.

या यादीतलं फक्त एकच काम जमणार असेल, तर गावाला निघण्याआधी पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबून हवा भरा. आणि स्टेपनी विसरू नका.