चिमूट आधी, पेन्सिल मागाहून

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात पहिलीचा वर्ग पाहिला, तर दोन-चार मुले तरी पेन्सिल मुठीत आवळून बसलेली दिसतात. शिक्षक त्यांची बोटे सोडवून नीट बसवतात, हात धरून गिरवून घेतात. पाठ फिरली की पुन्हा मूठ! अशा मुलाला आपण ‘हाताला वळण नाही’ असे म्हणून मोकळे होतो. पण हे वळण लागते कसे? लेखन शिकवण्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि ते थोडे अनपेक्षित आहे. पेन्सिल धरण्याची तयारी बरीचशी पेन्सिलीवाचूनच होते.

आपल्याकडे लेखनाचे महत्त्व जुने. समर्थ रामदासांच्या दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समासच आहे (दशक १९, समास १). अक्षर वाटोळे, मोकळे, एकसारखे कसे असावे, हे त्यात सांगितले आहे. पण लहान मुलाची सुरुवात बोरूने होत नसे. पंतोजींच्या शाळेत फळीवर बारीक धूळ पसरत आणि मूल तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढी. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिथलाच. बोरू आणि शाई मागाहून येत. या शाळांत छडीही होती आणि घोकंपट्टीही, तेव्हा तो काळ आदर्श मानण्याचे कारण नाही. पण या क्रमात एक शहाणपण होते. अक्षराचा आकार शिकणे आणि लेखणी सांभाळणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत. धूळपाटीवर बोटाने लिहिताना मुलापुढे त्यांतली एकच असे. चुकले तर तळहात फिरवला की पाटी कोरी.

ही रीत सातासमुद्रापारही गेली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिले आणि तो प्रयोग आपल्या शाळेत केला. १७९७ साली लंडनमध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. पुढे इंग्लंडमध्ये गरीब मुलांच्या शाळांत अक्षरे वाळूवर गिरवली जाऊ लागली. इकडे मात्र दगडी पाटी, कागद आणि शिसपेन्सिल आल्या तशी धूळपाटी मागे पडली. आकार आणि पकड या दोन्ही अडचणी मुलापुढे एकदमच उभ्या राहू लागल्या.

त्या पुन्हा वेगळ्या केल्या मारिया माँटेसरी यांनी. रोममध्ये मतिमंद मुलांना शिकवताना अकरा वर्षांच्या एका मुलीला काही केल्या शिवण जमेना. माँटेसरींनी शिवण थांबवून तिला कागदी पट्ट्या विणायला दिल्या. काही दिवसांनी सुई पुन्हा हाती दिली, तर शिवण सहज जमले! यावरून त्यांनी ठरवले, की प्रत्यक्ष काम देण्याआधी त्या कामाच्या हालचाली तयार कराव्यात. १९०७ साली रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. तिथे मुले खुंटीचे दट्टे तीन बोटांच्या चिमटीत धरून खोबणीत बसवीत, खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोटे फिरवीत आणि भौमितिक आकृत्या रंगीत पेन्सिलींनी भरीत. म्हणजे अक्षरासाठी बोट आणि पकडीसाठी रंगकाम, असे दोन रस्ते वेगवेगळे चालत आणि पुढे एकत्र मिळत.

हा विचार मराठी मुलांपर्यंत आणण्यात मोठा वाटा ताराबाई मोडक यांचा. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करताना १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. तिथून पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत काम केले. माँटेसरींची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. म्हणून बिया, पाने, खडे, शिंपले हीच साधने झाली. साधन परदेशी असो वा परसातले, बोटांना काम मिळाले की झाले, हे या दोघींनी दाखवून दिले.

आज शास्त्र काय सांगते? मनगटात आठ हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात, एकामागून एक टणक होत जातात आणि शेवटच्या हाडाला आठ ते बारा वर्षे लागतात. पकड केवळ हाडांवर ठरत नाही, सरावही लागतो. तरीही मूठ, मग ताठ बोटे, मग हलती बोटे असा तिचा क्रम आहे. रोझेनब्लूम आणि हॉर्टन यांनी १९७१ साली तो नोंदवला. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची हलती पकड साधारण चार ते सहा-सात वर्षांच्या दरम्यान येते. तीन वर्षांच्या मुलाची मूठ हा दोष नव्हे, तो एक टप्पा आहे. शिवाय ‘बरोबर’ पकड एकच नसते. कॅनडात चौथीच्या १२० मुलांवरील एका अभ्यासात (२०१२) चार प्रकारच्या प्रौढ पकडींत वेगाचा किंवा सुवाच्यतेचा फरक आढळला नाही. तेव्हा बोट दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल, तर थोडी वेगळी पकड मोडायला जाऊ नये. डावखुऱ्याचा हात तर बदलूच नये.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. कापूस वेचणाऱ्या आईची बोटे पाहा. बोंडातून कापूस ओढते ती हीच तीन बोटांची चिमूट. याचा अर्थ मुलांना वेचणीला धाडावे असा मुळीच नाही. पण मूठभर कापूस वर्गात आणून त्यातली सरकी सोडवणे, फुलवाती वळणे, चिंचोके आणि ज्वारीचे दाणे वेगळे करणे, रांगोळी सोडणे एवढे तर करता येते. (पेरणीचे औषध लावलेले बियाणे मात्र वर्गात नको, आणि लहान मुले दाणे तोंडात घालणार नाहीत याकडे लक्ष हवे.) मातीत बोटाने अक्षरे काढायला तर काहीच लागत नाही. पहिल्या लेखनाला खडूचा पेराएवढा तुकडा द्यावा. तो मुठीत मावून हरवतो, म्हणून मूल आपसूक चिमटीत धरते.

हे सारे पहिलीच्या आधी, अंगणवाडीत व्हावे. आज अनेक ठिकाणी तिसऱ्या वर्षीच चार रेघी वही पुढे येते, कारण पालकांना भरलेली पाने पाहायची असतात. हात तयार नसताना भरलेल्या पानांची किंमत मूल देते. लिहिणे म्हणजे दुखणे, अशी त्याची समजूत होते आणि पुढे कितीही सुंदर कित्ता दिला तरी ती लवकर जात नाही. तेव्हा पालकसभेत पाने दाखवण्याऐवजी एकदा मुलांनी वळलेल्या वाती दाखवाव्यात आणि त्या लेखनाचाच पहिला धडा आहेत, हे समजावून सांगावे.